पायरी सोडून

एल्डन प्रुइटने निल्साला खोलीत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन कॉफ्या आधीच येऊन बसल्या होत्या. एक त्याची, एक तिची. निल्सा काराबायो दारातच थबकली. बेडलो कॉमिक्सचा हा मुख्य संपादक सख्ख्या आईलाही पाणी विचारायचा नाही. तो कॉफी पाजतो म्हणजे कुणाची तरी मान कापायची आहे, हे लिफ्टवाल्यापासून सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"बस गं, बस. आनंदाची बातमी आहे," प्रुइट म्हणाला. "पायरीवाल्यांना यंदाच्या महासंग्रामात घेतलंय."

"का?" निल्साने विचारलं.

"का म्हणजे? मान आहे हा!"

बेडलोचे सगळे वीर एकाच जगात, एकाच न्यूयॉर्कमध्ये राहत. एका पुस्तकात पूल कोसळला, की दुसऱ्या पुस्तकातला टॅक्सीवाला त्या महिन्यात वळसा घालून जाणार, असा नियमच होता. दर उन्हाळ्यात या सगळ्या टोळ्यांची एका मोठ्या कथेत गाठ पडे. तिचीही रीत ठरलेली होती: आधी गैरसमज, मग तुंबळ मारामारी, मग 'अरे, तू तर आपलाच!' म्हणून गळाभेट, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खऱ्या शत्रूला धुवायचं. कुणाचा ठोसा कुणाला लागणार, चित्रात पहिल्या ओळीत कोण उभं राहणार, यावरून संपादकांमध्ये जे मानपान चाले, ते पाहून लग्नातल्या व्याह्यांनीही तोंडात बोटं घातली असती. त्यात शिखरसेना ही वरपक्षाची मंडळी. झगे, रुंद छात्या, उडत येणं आणि उडत जाणं. निल्साचे पायरीवाले म्हणजे ब्राँक्समधल्या एका मोडक्या गल्लीतली चार माणसं, इमारतीच्या दारासमोरच्या पायऱ्यांवर बसून जग वाचवणारी. त्यांना आजवर कुणी मांडवात बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं नाही म्हणून निल्साचं काही अडलंही नव्हतं.

"शून्यसम्राट शहर गिळायला निघतो," प्रुइट हात पसरून सांगू लागला. "शिखरसेना हरायला येते. तेव्हा तुझी मार्ता दार उघडून सगळ्यांना बाहेर काढते, आणि आत राहून मरते. दोन पानं भरून मरण. भव्य!"

निल्साने कॉफी बाजूला सारली. "शिखरसेनेचा कॅप्टन बीकन का नाही मरत?"

"नाताळात त्याची खेळणी येतायत."

"आणि तो गरुडवाला?"

"त्याचं कार्टून चाललंय टीव्हीवर."

"म्हणजे ज्याचं काहीच चाललेलं नाही, त्यानं मरायचं."

"कुणी मेल्याशिवाय महासंग्रामाला वजन येत नाही, निल्सा. आणि तुमचं पुस्तक तसंही बंद होतंय. त्या गल्लीच्या गोष्टी आता कोण वाचतं? मेली ती गल्ली. रोज पेपरात येतं की."

मार्ता ही पायरीवाल्यांची म्होरकी. पन्नाशीची, कमरेत रुंद, केशरी एप्रन, कमरेला चाव्यांचा जुडगा. ती कुठलंही दार उघडायची आणि ते तिला हवं तिथे उघडायचं: तळघरातून थेट समुद्रावर, बँकेच्या तिजोरीतून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. बेडलोच्या त्या सगळ्या पीळदार गोतावळ्यात पायाच्या शिरा सुजलेली ही एकटीच बाई. तिचा चेहरा निल्साने कुठून शोधून आणलेला नव्हता. तो तिच्या आईचा होता.

"चित्रं तूच काढ," प्रुइट म्हणाला. "ज्याचा वीर, त्याच्याच हातून मरण. तेवढी आपल्याकडे रीत आहे. आणि प्रेत दाखवायचं हं. प्रेत दिसल्याशिवाय आपले वाचक कुणाला मेलेलं मानत नाहीत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर केनेथ काढेल."

केनेथच्या हातून आजवर एकच बाई निघाली होती. केसांचा रंग बदलून तो तीच सगळीकडे वापरत असे. त्याने मार्ताला उंच टाचांच्या चपला घालून मारली असती. निल्साच्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं आणि तिचं रक्त उसळलं.

"मार्ता माझी आहे, मिस्टर प्रुइट. तुम्ही असं..."

"मार्ता कंपनीची आहे. तू सही केलीयस तशी." प्रुइटला आपल्याच विनोदावर आधी हसू आलं. "पायरीवाल्यांनी तरी आपली पायरी ओळखून राहावं."

निल्साने ते वाक्य पदरात बांधून ठेवलं.

*

रविवारी दुपारी तिची आई, दोन्या रामोनिता, नेहमीप्रमाणे ब्राँक्समध्ये फॉक्स स्ट्रीटवर इमारतीच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. निल्सा तिला मामी म्हणे, त्यांच्या स्पॅनिशमध्ये मामी म्हणजे आई. ती त्या इमारतीची देखभाल करायची. बॉयलर, कचरा, गळके नळ आणि भाडेकरूंची भांडणं, सगळं तिच्याच अंगावर. आजूबाजूच्या इमारती एकामागून एक जळत होत्या, विम्यासाठी मालकच काडी लावतात असं सगळी गल्ली बोलत होती, त्या उन्हाळ्यात मामी मांडीवर लोखंडी पाइप ठेवून याच पायरीवर बसून राहिली होती. एका बाजूला राख, दुसऱ्या बाजूला राख, आणि मध्ये ही इमारत धडधाकट. मार्ताच्या गोष्टीतलं पहिलं दार निल्साला तिथेच सापडलं होतं.

निल्साने कसंबसं सांगितलं. मामीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला मारणार? कोण?"

"तुला नाही गं मामी. मार्ताला."

"चाव्या कुणाच्या? एप्रन कुणाचा? ढुंगण कुणाचं? अख्ख्या गल्लीत मी सांगत फिरते, ती मी आहे म्हणून. आणि मला विचारलं का कुणी?"

"कंपनीची आहे ती. मी नाही काढलं तर दुसरा कुणीतरी काढेल. वाईट काढेल."

"मग तू काढ. नीट काढ." मग मामीच्या डोळ्यांत शंका आली. "मयत दाखवणार?"

"हो. सगळ्या टोळ्या येणार. शिखरसेना, सगळे."

"आणि मी?"

"तू कशी असशील, मामी? तुझीच मयत ना ती!"

"मिहा, पोरी माझ्या, या गल्लीतली एक मयत मी चुकवलीय का आजवर? तो दारुडा चेओ गेला, त्याचं तोंड मला बघवत नव्हतं, तरी गेले. भात घेऊन गेले! सगळं जग येणार आणि मी तेवढी घरी बसणार? लोक काय म्हणतील?"

निल्सा हसली. हसता हसता थांबली. आईकडे बघत राहिली, आणि मग उठून तिने तिच्या गालाचा मुका घेतला.

"काय झालं गं?"

"काही नाही. कुठला ड्रेस घालशील?"

"निळा," मामी म्हणाली. "आणि वर एप्रन. मयतीनंतर भांडी कोण घासणार, तुझा तो कॅप्टन?"

*

निल्साने मार्ताचं मरण असं काढलं, की पानं बघून टायपिस्ट पोरगी रडली. प्रेत दाखवलं, चाव्या धरलेला हात दाखवला, कुठेही हातचं राखलं नाही. प्रुइट खूश झाला. मग आलं मयतीचं दुपानी चित्र. पहिल्या ओळीत शिखरसेना, दुसऱ्या ओळीत बाकीच्या टोळ्या, मागे गल्लीतली माणसं. प्रुइटने भिंग लावून पहिली ओळ तपासली. कॅप्टन बीकनची उंची गरुडवाल्यापेक्षा जास्त आहे ना, झग्याची घडी बरोबर आहे ना. दुसऱ्या ओळीवर त्याची नुसती नजर फिरली. त्यामागच्या गर्दीला ऑफिसात 'भरणा' म्हणत, आणि भरण्याकडे कुठलाच संपादक बघत नसे. काही चित्रकार तर तिथे नुसत्या गोल रेघोट्या मारून सोडून देत. मग पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवणारा शाईवाला आपल्या मनाने डोकी भरायचा.

बेडलोचा शाईवाला म्हणजे सोल वॉख्टेल. ब्रुकलिनचा म्हातारा, ओठांत कायम विझलेली सिगार, अर्ध्या कंपनीच्या पेन्सिलवर याची शाई चढे. त्या दुपारी तो दुपानी चित्रावर वाकला आणि तिसऱ्या ओळीत येऊन थबकला.

"पोरी, इकडे ये." त्याने निबाचं टोक न टेकवता एका जागी धरलं. "ही बाई मागच्या पानावर मेली ना?"

"मेली."

"मग इथे काय करतेय?"

"आलीय," निल्सा म्हणाली. "गल्लीतली मयत ती चुकवत नाही."

सोलने सिगार एका कडेची दुसऱ्या कडेला नेली. कंपनीचा नियम त्यालाही पाठ होता: जे एकदा छापलं, ते घडलं. प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक टोळीसाठी, कायमचं.

"पेन्सिल खोडता येते," तो म्हणाला. "माझी शाई नाही खोडता येत. नोकरी जाईल."

"माहितीय."

"तुझ्याबरोबर माझीही."

ते निल्साच्या लक्षात आलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "मग राहू दे, सोल. मी खोडते."

"गप बस. मी माझ्या नोकरीबद्दल तक्रार केली का? नुसतं सांगितलं." त्याने निब दौतीत बुडवला. "वयाच्या तेराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या रेघा गिरवतोय मी. एक तरी धडाची मिळाली." आणि त्याने त्या अख्ख्या पानावर सगळ्यात काळ्या केल्या त्या मार्ताच्या चाव्या.

*

अंक निघाला, पायरीवाल्यांचं पुस्तक बंद पडलं, आणि काही महिने काहीच झालं नाही. निल्साला वाटलं, आपण उगीच जीव टांगणीला लावला, कुणाला दिसलंच नाही. मग कॉमिकवेड्यांचा वार्षिक मेळा आला. पेन स्टेशनजवळच्या एका हॉटेलातला मोठा हॉल, खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, निम्म्यांनी घरी शिवलेले झगे घातलेले. मंचावर मध्ये प्रुइट, त्याच्या उजव्या हाताला केनेथ, अगदी टोकाला निल्सा. मामी हट्ट करून आली होती. रिकाम्या हाताने कुठे जायचं तिला माहीतच नव्हतं, म्हणून मांडीवर पास्तेलियोंचा, म्हणजे खिमा भरून तळलेल्या करंज्यांचा, डबा होता.

प्रश्नांची वेळ आली. कॅप्टन बीकनचा झगा पांघरलेली एक चष्मेवाली बाई उभी राहिली.

"मार्ताच्या मयतीचं दुपानी चित्र," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीत, दिव्याच्या खांबाजवळ, केशरी एप्रनमध्ये कोण उभं आहे?"

प्रुइट हसला. "गल्लीतली कुणीतरी बाई."

"कमरेला चाव्या असलेली?"

हॉलमध्ये पानं उलटल्याचा आवाज झाला. ही माणसं अंक बरोबर घेऊनच हिंडत. मागून कुणीतरी ओरडलं, "शिखरसेनेच्या विजययात्रेतही आहे ती! रस्त्याच्या कडेला!"

"गरुडवाल्याच्या अंकात सॉसेजच्या गाडीमागे!"

"बीकनच्या लग्नात! शेवटच्या बाकावर! जेवतेय!"

निल्सा चाट पडली. तिने तर मार्ताला एकदाच काढलं होतं. विजययात्रा केनेथची होती, लग्न आणखी कुणाचं. तिने हॉलभर नजर फिरवली. शेवटच्या रांगेत सोल वॉख्टेल तोंडात विझलेली सिगार धरून छताकडे असा बघत होता, जणू त्याला छत विकत घ्यायचं होतं. ज्या ज्या पुस्तकात त्याची शाई गेली होती, त्या त्या पुस्तकात मार्ता बिनबोलावता जाऊन आली होती.

"हे बघा," प्रुइट म्हणाला. "कधीकधी छपाईत चूक..."

सगळा हॉल एकदम गप्प झाला. बोलून चुकलो हे त्याच्याही लक्षात आलं असावं. कारण याच मंचावर उभं राहून दरवर्षी हाच माणूस छाती काढून सांगत असे: बेडलोच्या जगात चूक नसते, असते ती न सांगितलेली गोष्ट! ते लोकांना तोंडपाठ होतं. चष्मेवालीने सुरुवात केली, "बेडलोच्या जगात..." आणि सगळ्या हॉलने ते वाक्य त्याच्या तोंडावर परत फेकलं, झगे फडकावत, खुर्च्या बडवत.

त्या गदारोळात मामी उठून उभी राहिली. निळा ड्रेस. कमरेला इमारतीच्या चाव्या, कारण त्या ती कुणाच्याच भरवशावर सोडत नसे.

"अहो साहेब!" ती मंचाकडे बोट रोखून म्हणाली. "कोण कोण करताय मघापासून? मी आहे ती! मेलेली दिसते का?"

क्षणभर लोकांना काय बघतोय तेच कळेना. मग अख्खा हॉल उभा राहिला. कुणी मामीची सही मागायला लागलं. मामीने सहीऐवजी प्रत्येकाच्या हातावर एक एक पास्तेलियो ठेवला. प्रुइट मंचावर उभा राहून टाळ्या वाजवत होता, कारण दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. "लवकरच बघू!" असं काहीतरी तो माइकमध्ये म्हणाला.

*

सोमवारी टेबलावर एकच कॉफी होती.

"हे घे," प्रुइटने एक कोरा कागद पुढे सरकवला. "चार ओळी लिही. 'त्या चित्रात माझी चूक झाली, मार्ता मेली आहे, वाचकांची माफी मागते.' चित्रकारानेच कबूल केलं की लोक गप्प बसतील. बाकी पुस्तकांतलं मी निस्तरतो. आणि पुढच्या महिन्यापासून शिखरसेना तुझी."

शिखरसेना. त्या पुस्तकासाठी तिथली माणसं एकमेकांच्या पायात पाय घालत. निल्साच्या मनात क्षणभर चलबिचल झाली, नाही असं नाही. मामीचा जिना, चार मजले, सुजलेले पाय. शिखरसेनेच्या कामावर कुठेतरी लिफ्टवालं घर मिळालं असतं. आणि मामी त्यात राहायला गेली नसती, हेही तिला लगेच आठवलं.

"चूक नव्हती ती," ती म्हणाली.

"निल्सा, नीट ऐक. तू नाही लिहिलंस तर मला तिला जिवंत करावं लागेल. लोक मला सोडणार नाहीत. पण जिवंत झाली तरी ती केनेथच्या हातात जाईल. तू तिला परत शिवणार नाहीस, आणि या इमारतीतही परत येणार नाहीस. मेली तर तुझी म्हणून मेली. जगली तर परक्याची म्हणून जगेल. बघ."

निल्साला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. नऊ वर्षं रोज त्या चेहऱ्यावर तिने हात फिरवला होता. त्या दंडाचा उतार, त्या हनुवटीखालची वळी तिला डोळे मिटून काढता येत होती.

"जगू दे," ती म्हणाली.

"हजार लोकांसमोर मला खोटं पाडलंस. पायरी सोडलीस तू."

"सोडली, एल्डन." पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली. "आणि तुला ती सोडलेली दिसायला तिसऱ्या ओळीपर्यंत बघावं लागलं असतं. ते तुझ्याच्याने आयुष्यात झालं नाही. वाचकांनी सांगितलं तेव्हा कळलं. सोलने शाई केली, कारण मी काढलं. त्याला बोल लावलास तर पुढच्या मेळ्याला मी मामीला परत घेऊन येईन, आणि या वेळी पाइप घेऊन येईल ती."

तिने पेन्सिली आणि आपला टेबलदिवा उचलला. कॉफी प्रुइटचीच होती, तीही जाताजाता एका घोटात संपवली.

*

पानगळीत शिखरसेनेचा नवा अंक आला. निल्सा आता शाळेच्या पुस्तकांसाठी सफरचंदं आणि बसगाड्या काढत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने अंक घेतला आणि तो न उघडताच पायऱ्यांवर मामीजवळ येऊन बसली.

मुखपृष्ठावर मार्ता होती. मृत्यूच्या दारातून परतताना तिचं वय तीस वर्षांनी उतरलं होतं, कंबर मुठीत मावेल एवढी, एप्रनचा झगा झालेला, आणि पायात उंच टाचा. चाव्या एखाद्या दागिन्यासारख्या गळ्यात.

"ही कोण काडी?" मामीने विचारलं.

"तू," निल्सा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "केनेथने काढलीय. मला वाटलं होतं, मेलेली बघण्यापेक्षा हे बरं. पण मामी, हे..."

मामीने अंक हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती.

"तू कधीपासून पहिली ओळ बघायला लागलीस गं?"

निल्साने अंक ओढून घेतला. मुखपृष्ठावर अगदी मागे, केनेथने नुसत्या रेघोट्या मारून सोडलेल्या गर्दीत, सोलच्या काळ्याभोर शाईने काढलेली एक रुंद बाई उभी होती. केशरी एप्रन, कमरेला चाव्या, हाताची घडी. ती शून्यसम्राटाकडे बघत नव्हती की कॅप्टन बीकनकडे. पुढे उभ्या असलेल्या त्या उंच टाचांच्या मार्ताकडे ती अशी बघत होती, की ही भवानी माझ्या चाव्या घालून कुठे निघालीय.

आणि ते छापलेलं होतं, म्हणजे घडलेलं होतं.

"आता खोडून दाखव म्हणावं मला," मामी म्हणाली.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी नळ गळतोय म्हणून हाक मारली. मामीने अंक निल्साच्या मांडीवर ठेवला, कठड्याला धरून उठली आणि चाव्या खुळखुळवत दार उघडून आत गेली.